पाहुण्याने टेकवलेला अग्नी

घर्र, घर्र, घर्र.

लाकडावर लाकूड घुसळल्याचा तो कोरडा आवाज नीलोदराने कोवळ्या वयात ऐकला, आणि पुढे केस पिकेपर्यंत तो त्याच्या कानांतून गेला नाही.

कृतयुग तेव्हा उताराला लागले होते. धर्म चारही पायांवर उभा होता खरा, पण त्यातला एक पाय तो हळूच आखडता घेऊ लागला होता. त्या काळी नाग भुईवर सरपटत नसत. कश्यपाची ती लेकरे माणसांसारखी दोन पायांनी चालत आणि दोन हातांनी कामे करीत. कपाळावर मणी आणि मानेमागे मिटलेला फणा, एवढाच काय तो फरक. गळा मात्र त्यांचा माणसांहून गोड होता. चंद्रकूट पर्वताच्या अगदी माथ्यावर त्यांचा देश होता, आणि त्या देशाच्या मधोमध नागह्रद नावाचे विशाल सरोवर होते. सकाळी धुके त्याच्या कुशीत लेकरासारखे निजलेले असे, दुपारी निळ्या कमळांनी त्याचे पाणी आकाशाशी पैज लावी, आणि पूर्वेच्या काठावर केतकीचे दाट बन होते, तिथे नागस्त्रिया आपली अंडी ठेवीत. अग्नी त्या देशात नव्हता. उजेडाला मणी होते, आणि मध, कंद, कमळाचे देठ यांना चूल लागत नसे.

एवढे पाणी पर्वताच्या माथ्यावर राहते कसे, असे कोणालाही वाटेल. ते वरुणाच्या वराने राहिले होते. नागांच्या मूळपुरुषाने एकदा वरुणालाच, तो थकल्याभागल्या वाटसरूच्या वेषात आला असता, ओळख न विचारता ठेवून घेतले होते. वरुण प्रसन्न झाला आणि म्हणाला, "हा ह्रद मी खडकावर ठेवत नाही, तुमच्या आतिथ्यावर ठेवतो. त्याच्या काठाला कोणाची कुदळ लागणार नाही. पण ज्या दिवशी तुमचा मुख्य पाहुण्याचा धर्म मोडेल, त्या दिवशी हे पाणी तुमचं नाही."

नागांचा पाहुण्याचा धर्म असा होता, की पाहुण्याने त्यांच्या भुईवर जे टेकवले, ते तो स्वतः उचलीपर्यंत यजमानाने हलवायचे नाही, बिघडवायचे नाही, आणि त्याची राखण करायची. मग ती काठी असो, गाठोडे असो की पायातली खडाव. एका घराच्या दारातच कोणा तापसाचा कमंडलू पिढ्यान्‌पिढ्या पडून होता. तो तापस केव्हाच परलोकी गेला असेल, पण घरातली माणसे त्या कमंडलूला वळसा घालूनच आत-बाहेर करीत, आणि नवी सून आली की सासू तिला आधी तो वळसा शिकवी.

पर्वताच्या पायथ्याशी मैलोगणती पसरलेला अर्चिदेश होता. काल-परवापर्यंत ते चार खेड्यांचे राज्य होते. पण उदर्क नावाचा तरुण राजा गादीवर आला आणि त्याने आजूबाजूची राज्ये एकेक करून जवळ केली. कुठे लेक देऊन, कुठे लेक घेऊन, कुठे दुष्काळात धान्य पाठवून, आणि अगदीच जमले नाही तिथे तलवारीने. त्याची राजधानी अर्चिष्मती दिवसागणिक वाढत होती. नव्हते ते फक्त पाणी. विहिरी खोल गेल्या होत्या आणि पाऊस बेभरवशाचा होता. उदर्क रोज सकाळी गच्चीवर उभा राहून चंद्रकूटाच्या माथ्याकडे पाही, असे लोक सांगत.

त्या राजाचा दूत वामरथ एक दिवस अनवाणी, एकटा, पर्वत चढून वर आला.

नीलोदराचा बाप विशालफण तेव्हा नागांचा मुख्य होता. वामरथाने त्याच्यापुढे हात जोडले. तो मध्यम वयाचा, हसऱ्या डोळ्यांचा ब्राह्मण होता, आणि चढण चढून त्याच्या टाचा फुटल्या होत्या.

"नागश्रेष्ठा, मी एका रात्रीचा पाहुणा. मला काही नको. फक्त माझा नित्याचा होम चुकू नये एवढीच काळजी आहे. केतकीच्या बनाच्या आडोशाला वारा लागत नाही. तिथे वीतभर जागा दिलीत तर अग्नी टेकवीन."

"वीतभर कशाला, हातभर घ्या," विशालफण म्हणाला.

मग वामरथाने पिशवीतून अरणी काढली आणि तो घुसळू लागला. नागांची पोरेथोरे भोवती जमली. घर्र, घर्र, आणि पाहता पाहता त्या लाकडातून एक तांबडे पिल्लू डोळे किलकिले करीत बाहेर आले. नीलोदराला ते इतके आवडले की तो रात्रभर त्याच्यापाशी बसून राहिला.

सकाळी एक घोडेस्वार धापा टाकीत आला. राजमाता अत्यवस्थ आहे, तत्काळ निघा. वामरथ कावराबावरा झाला. "नागश्रेष्ठा, मला धावत जायला हवं. अग्नी मागे राहतो आहे. मी येऊन उचलतो." आणि तो गेला.

विशालफणाने लेकाला हाक मारली. "नीला, पाहुण्याची वस्तू आहे. तो येईपर्यंत विझता कामा नये."

विशालफणाची बहीण शिलाक्षी दारात केतकीचे पान सोलत बसली होती. तिची जीभ साऱ्या नागलोकात प्रसिद्ध होती. ती म्हणाली, "बरा पाहुणा हा, दादा! आपण गेला आणि पोट इथं ठेवून गेला. आता भरा."

सगळे हसले. नीलोदरही हसला, आणि वाळक्या काटक्या वेचायला गेला.

वामरथ पावसाळा उलटल्यावर आला. नागांनी अग्नीवर छप्पर घातले होते, पाऊसभर आळीपाळीने राखण केली होती, आणि त्यासाठी बनामागचा एक जुना शमीवृक्ष पहिल्यांदाच तोडला होता. वामरथाने ते पाहिले आणि त्याच्या डोळ्यांना खरेच पाणी आले. तो नीलोदराच्या पायांशी वाकला.

"कुमार, हे काय केलंत? आमच्या घरी पोटचे पोरगेसुद्धा बापाचा अग्नी असा राखत नाहीत."

"आता उचलणार ना?" शिलाक्षीने विचारले.

"उचललाच असता, आत्याबाई. पण एवढ्या दिवसांत याच्यातून देवांना हविर्भाग पोचला आहे. आता हा साधा अग्नी राहिला नाही. इंद्र, वरुण, सगळ्यांचा याच्यात भाग लागला आहे. असा अग्नी उचलायचा तर मोठा यज्ञ करावा लागतो. तेवढी वेळ येईपर्यंत याला राहू द्या. तुम्हाला त्रास नको म्हणून तुपापुरत्या चार गायी आणि दोन गोपाळ मी ठेवून जातो."

"ठेवून" हा शब्द ऐकताच शिलाक्षीने कपाळावर हात मारला.

गायी आल्या. त्यांनी काठावरचे कमळांचे देठ खाल्ले. मग नागांच्या वडीलधाऱ्यांची सभा बसली, की चार पायांवर स्वतः उभी असलेली गाय ही टेकवलेली वस्तू म्हणायची की नाही. एक म्हातारा म्हणाला, ती चालते, म्हणजे ती टेकवलेली नव्हे. दुसरा म्हणाला, बसली की टेकली. तिसऱ्याने विचारले, आणि बसून पुन्हा उठली तर? वाद उन्हे कलली तरी मिटेना. शेवटी शिलाक्षी ओरडली, "तुमचा निर्णय होईतो ती व्यालीसुद्धा!" आणि खरेच, त्यातल्या एकीला वासरू झाले होते.

वर्षे अशीच गेली. विशालफण देहाने थकला आणि एका कार्तिकात निजधामाला गेला. नीलोदर मुख्य झाला. बापाच्या दहाव्याला वामरथ पर्वत चढून आला, आणि नीलोदराच्या शेजारी बसून रडला. आतापर्यंत तो नागांची भाषा नागांसारखीच बोलू लागला होता. त्यांची अंगाईगीते त्याला येत होती. नागांच्या तरुण पोरांना जे जुने शब्द आठवत नसत, ते तो त्यांना सांगे. नीलोदराला सख्खा भाऊ नव्हता; ती जागा केव्हा भरली ते त्याचे त्यालाही कळले नाही.

त्याच सुमारास उत्तरेच्या कड्यांवरून सुपर्ण घिरट्या घालू लागले. सुपर्ण म्हणजे गरुडवंशीय पक्षिराज. नागांशी त्यांचे वैर जन्माआधीचे. दोन नागकन्या तळ्यावरून उचलल्या गेल्या तेव्हा साऱ्या देशात आकांत झाला. आठवड्याच्या आत वामरथ धनुर्धारी घेऊन हजर.

"मित्रा, उदर्कराजाने निरोप पाठवला आहे. नागांचा शत्रू तो अर्चिदेशाचा शत्रू. हे वीर तुमच्या अग्नीभोवती पहारा देतील. तुझ्याकडून आम्हाला काही नको. एक मूठभर मातीसुद्धा नको."

धनुर्धारी राहिले. त्यांनी भाते टेकवले, भाल्यांच्या राशी टेकवल्या, धान्याची कोठारे टेकवली, झोपड्यांचे खांब टेकवले. आपल्या गुरांनी नागांच्या बागेत शिरू नये म्हणून त्यांनी सीमेचे दगड रोवले, आणि ते दगडही टेकवलेलेच. नाग वळसे घालू लागले. आधी वीतभर असलेला अग्नी आता मोठ्या वेदीवर धडधडत होता, आणि त्याच्या पोटात चंद्रकूटाची निम्मी झाडे गेली होती.

आणि एक दिवस एका नाग गुराख्याने येऊन सांगितले, की उत्तरेच्या कड्यावर सुपर्णांच्या राजाबरोबर वामरथाला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. दोघे एका पानावर जेवत होते.

नीलोदराने वामरथाला विचारले. तो काही लपवायला गेला नाही.

"हो, जेवलो. त्यांना आमच्या दक्षिणेच्या कुरणातली हरणं दिली आणि त्या बदल्यात तुमच्यावर झडप घालायची नाही असं ठरवून आलो. गेल्या तीन पौर्णिमांत तुझं एक तरी माणूस गेलं का?"

"नाही."

"मग?"

"पण तू आमचा मित्र म्हणतोस. आणि त्यांचाही."

"नीलोदरा, तुझ्या शत्रूशी मी बोललोच नसतो तर तुझ्या कोणत्या उपयोगाचा होतो?"

घरी आल्यावर नीलोदराने हे आत्याला सांगितले. तिचे दात पडले होते, पण जीभ शाबूत होती.

"बाळा, त्याचं प्रत्येक बोलणं खरं असतं. हीच तर पंचाईत आहे. खोटं बोलला असता तर आपण त्याला केव्हाच ओळखलं असतं. ऐक माझं. जेव्हा ओंजळभर पाण्याचं काम होतं तेव्हाच मी म्हणत होते, विझव. आता घागरी लागतील. पण अजून विझतो तो."

"आत्या, धर्म मोडला तर ह्रद जाईल."

"ह्रद तर जातोच आहे. आपल्या हाताने गेला तर निदान आपल्याला ठाऊक तरी असेल की गेला."

नीलोदराने ऐकले नाही. साऱ्या नागकुळाची वस्ती, बनातली अंडी, पूर्वजांचा शब्द, सारे त्या पाण्यावर तरंगत होते, आणि ते पाणी त्याच्या एका कृतीवर तोललेले होते. जोवर तो काही करीत नव्हता तोवर ते टिकून होते. बिचाऱ्याने काही न करणे हीच आपली तपश्चर्या मानली होती.

मग उदर्काच्या यज्ञाची वेळ आली. अग्नी उचलण्यासाठी करायचा तो मोठा यज्ञ, ज्याची नाग एका पिढीपासून वाट पाहत होते. उदर्कराजा स्वतः पांढऱ्या छत्राखाली पर्वत चढून आला. त्याने नीलोदराला आलिंगन दिले, बंधू म्हटले, आणि आपल्या उजव्या हाताला बसवले. मुहूर्त वैशाखातला होता. तुपाचे हंडे, चंदनाचे भारे, ओंडक्यांचे डोंगर वेदीभोवती, थेट केतकीच्या बनाला भिडतील असे रचले गेले.

वैशाखात चंद्रकूटावर दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो. तो एवढा जोराचा असतो की त्याच्यापुढे आडोसा म्हणून काही उरत नाही. केतकीची पाने तेव्हा वाळून कुरकुरीत झालेली असतात. आणि वैशाखात बनातली अंडी फुटायच्या बेतात असतात.

नीलोदर त्या राशींकडे पाहत उभा राहिला, आणि एवढ्या वर्षांत जे त्याला कळले नव्हते ते त्याला एकाएकी कळले. तो वामरथाला बाजूला घेऊन गेला.

"उद्या वारा सुटेल."

"हो," वामरथ म्हणाला.

"बन पेटेल."

"पेटेल."

"तू पाहुणा आहेस. अग्नी तू टेकवलास. तू आज उचललास तर कोणाचाच धर्म मोडत नाही."

"मला तशी आज्ञा नाही."

"म्हणजे विझवायचा तर मी."

वामरथाने मान खाली घातली. तोही आता म्हातारा झाला होता. "आमची कुदळ तुझ्या काठाला लागत नाही, नीलोदरा. वरुणाचा वर आहे. हे पाणी तुझ्याशिवाय कोणीच सोडू शकत नाही. मी तुझ्या बापाच्या दारात पहिल्यांदा आलो तेव्हापासून माझं काम एवढंच आहे, की एक दिवस तुझ्या हाताने तो अग्नी विझावा."

"आणि तुझं ते रडणं? तातांच्या दहाव्याचं?"

"ते खरं होतं. सगळं खरं होतं. मला तसंच माणूस व्हावं लागलं, नाहीतर तुम्ही मला ओळखलं असतं."

नीलोदराने अगदी हळू विचारले, "वामरथा, तुमच्याकडे लेकरं चिखल गाळून पितात हे मला माहीत होतं. तू मागितलं असतंस तर मी पाणी दिलं नसतं का? मी वरुणाकडे तोंड वेंगाडून तुमच्यासाठी झरा मागितला असता."

"दिलं असतंस. म्हणूनच मागितलं नाही. दिलेलं परत घेता येतं. तू नाही घेतलंस तरी तुझा नातू घेईल. आमचं राज्य वाढतं आहे. दुसऱ्याच्या दयेने पाणी पिणाऱ्या राज्याला जग राज्य म्हणत नाही, असं उदर्कराजा म्हणतो. त्याला असं पाणी हवं आहे, ज्याच्यासाठी कोणाचे आभार मानायचे नाहीत."

"तुला हे पटतं?"

"माझ्या गावच्या विहिरीत माझी धाकटी बहीण उतरली होती, तळाचा गाळ उपसायला. दरड कोसळली. ती अजून तिथेच आहे. मला काय पटतं ते मला विचारू नकोस."

नीलोदर धावत वस्तीत गेला आणि त्याने हाक दिली. नाग-नागिणी, म्हातारेकोतारे, सगळे बनाकडे धावले आणि अंडी काढू लागले. पण बन पसरलेले होते, अंडी अगणित, हात थोडे. आणि एकेक अंडे दोन्ही तळव्यांवर धरून चालावे लागे, नाहीतर आतला जीव दुखावे. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तेव्हा निम्मे बनही रिकामे झाले नव्हते. तिकडे ऋत्विजांचे मंत्र टिपेला पोचले, तुपाची धार पडली, आणि पर्वताच्या खांद्यावरून वारा आला.

पहिली ठिणगी पानावर पडली तेव्हा तिचा आवाजही झाला नाही. मग बन पेटले. नागस्त्रियांचा जो टाहो तेव्हा उठला तो ऐकून उदर्काच्या सैनिकांनीही माना फिरवल्या.

शिलाक्षी कमरेतून वाकलेली, घागर भरून ह्रदातून वर येत होती. नीलोदराने तिचा हात धरला.

"सोड नीला! मी मेलेलीच आहे, पाप मला लागू दे!"

"आत्या, मुख्य मी आहे. तुझ्या हाताने विझला तरी धर्म माझाच मोडेल, आणि वर म्हणतील, नागांनी म्हातारीला पुढं केलं." त्याने घागर तिच्या हातून काढून घेतली. "आणि तू एवढी वर्षं म्हणत होतीस, ते मी एकदा तरी ऐकू दे."

तो वेदीवर चढला. कोवळ्या वयात ज्याच्यापाशी तो रात्रभर जागला होता, ज्याच्यावर त्याने छप्पर धरले होते, त्या अग्नीच्या तोंडात त्याने घागर उपडी केली. त्याच्या मागून सारे नाग आले. घागरीमागून घागरी रित्या झाल्या. अग्नी फुत्कारला, काळवंडला आणि विझला. मग त्यांनी बन विझवले.

नंतर ह्रदाचे पाणी मधोमध दुभंगले आणि हातात पाश घेतलेला वरुण वर आला. त्याच्या वस्त्रांतून लाटा ओघळत होत्या आणि चेहरा श्रावणातल्या आभाळासारखा जड होता.

"नीलोदरा, पाहुण्याने टेकवलेला अग्नी तू विझवलास."

"विझवला, देवा. पण तो बनाला लावला कोणी, तेही तू पाहिलंस. मला धर्म मोडायला लावलं गेलं."

"मी वचनाचा राखणदार आहे. वचन कोणी मोडलं एवढंच मला पाहता येतं. ते मोडायला कोणी लावलं, हे पाहत बसलो तर एकही वचन जगात उभं राहणार नाही."

शिलाक्षी पुढे आली. तिचे केस होरपळले होते. "देवा, एक विचारू? तूप बरं लागलं का?"

वरुणाने तिच्याकडे पाहिले नाही. एवढी वर्षे त्या अग्नीतून त्याचा भाग त्याला पोचत होता, आणि तो त्याने घेतला होता. जे घेतात त्यांना पुढे न्याय करता येत नाही; फार तर शिक्षा करता येते. पाश उचलून तो म्हणाला:

"ज्यांनी पाहुण्याची वस्तू राखली नाही, त्यांना स्वतःचं घर राहणार नाही. ज्या हातांनी विझवलं ते हात गळतील, ज्या पायांनी वेदी तुडवली ते पाय गळतील. दुसऱ्याने बांधलेल्या बिळात तुम्ही राहाल, आणि जग तुम्हाला तेवढ्यावरूनच ओळखेल."

शाप उच्चारला गेला आणि परत घेता येईना. तेव्हा विझलेल्या वेदीतून, राखेच्या आतून, एक बारीक आवाज आला. तो अग्नीचा होता.

"नीलोदरा, तुझ्या हातचं मी खूप खाल्लं. जो तूप घालतो त्याचाच मी होतो, मला दुसरं काही जमत नाही. तुझा ह्रद मी परत देऊ शकत नाही. एवढंच देतो. मुंग्यांनी ओठांनी मळलेल्या मातीला मी कधी जाळणार नाही. उरलेली अंडी तिथं ने."

याच्याहून मोठा वर त्याच्याजवळ नव्हता.

मग नागह्रदाचा काठ, ज्याला हजारो वर्षांत कुदळ लागली नव्हती, आपोआप उकलला. निळी कमळे, शेवाळे, मासे आणि गायींनी अर्धवट खाल्लेले देठ सारे एका लोंढ्यात मिसळून डोंगरउतारावरून खाली धावले. खाली अर्चिदेशात लोक शेताच्या बांधांवर उभे होते. पाणी आले तसे ते त्यात गुडघे टेकून लहान मुलांसारखे रडले, आणि त्यांचे रडणेही खोटे नव्हते. त्या नदीला त्यांनी मैत्री हे नाव ठेवले. तिच्या काठी भाताची शेते झाली, घाट झाले, उदर्काचे साम्राज्य समुद्राला भिडले. उदर्काच्या भाटांनी पोवाडे रचले, की अर्चिदेशाने नागांना अग्नी दिला, गायी दिल्या, शत्रूपासून राखले, आणि नागांनी पाहुण्याच्या अग्नीत पाणी ओतले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तेव्हापासून नागांना घर नाही. मुंग्या कण कण माती आणून वारूळ उभे करतात आणि नाग त्यात जाऊन राहतात. ज्यांनी तापसाच्या कमंडलूला पिढ्यान्‌पिढ्या वळसा घातला, ते आता कोणाला न विचारता आत शिरतात. 'आयत्या बिळावर नागोबा' असे लोक हसून म्हणतात. त्यांचा एकेकाळी स्वतःचा देश होता, आणि दारात आलेल्याला ते कधी 'केव्हा जाणार' असे विचारीत नसत, हे हसणाऱ्यांना कोण सांगणार? शिलाक्षीला तो शाप भोगावा लागला नाही. ह्रद आटला त्याच संध्याकाळी ती चिखलात मान टाकून शांत झाली.

पाणी ओसरल्यावर वामरथ त्या चिखलातून चालत आला. वेदीपाशी नीलोदर होता. त्याचे पाय गळाले होते, हात खांद्यांतून विरघळत चालले होते. उरलेली अंडी नागस्त्रिया तोंडात धरून खाली वारुळांकडे नेत होत्या. उदर्काने त्या दिवशी वामरथाला दोनशे गावे इनाम दिली होती. ती घोषणा अजून मागे दुमदुमत होती, आणि तो तिच्याकडे पाठ करून उभा होता.

"नीलोदरा," तो नागांच्या भाषेत म्हणाला. तोंडात अंडी असल्यामुळे ती भाषा आता दुसरे कोणी बोलत नव्हते. "मित्रा, मी क्षमा मागायला आलो नाही. क्षमेला माझ्यापाशी तोंड नाही. पण तू काहीतरी बोल."

नीलोदराने त्याच्याकडे पाहिले.

"शिवी दे. शाप दे. तुझा शाप लागेल मला, मी तो घेईन. तुझा गळा अजून तुझा आहे, वरुणाने तो काढून घेतला नाही. एक शब्द बोल, म्हणजे मला कळेल की आपल्यात काही होतं."

वारा पडला होता. जळलेल्या केतकीचा वास सगळीकडे भरून राहिला होता, आणि तशा स्थितीतही तो गोड येत होता. वामरथ चिखलात गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपला कान नीलोदराच्या तोंडाजवळ नेला, जसा अंथरुणाला खिळलेल्या बापाजवळ लेक नेतो.

नीलोदराने शेवटचे अंडे तोंडात हळुवार धरले, गवतात मान घातली, आणि काही न बोलता तो निघून गेला.